ससाणा गाळलेली कादंबरी

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी काय काय करायचं नाही ते सांगितलं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोक्यावरून अंघोळ करायची नाही. आणि रागवायचं तर अजिबात नाही, डोळ्यावर ताण आला तर टाके सुटतील. हे शेवटचं ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या मनात काय आहे ते आईला ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलाशी मला लग्न करायचं होतं आणि ते मी त्याच आठवड्यात बाबांना सांगणार होते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, वाशीची. आमची इमारत नवी, आत राहायला आलेले लोकही नवे. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. बाबा तरुणपणी केमिकल कंपनीत लागले आणि आधी दिघ्याला एका खोलीत, मग इथे फ्लॅटमध्ये, असा आमचा प्रवास. गावातल्या सगळ्यांबरोबर त्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडायला तेच गेले होते. भिंतीवर दोन तसबिरी, तेवढीच आमची पूजा. भूत, नवस, अंगात येणं, मंत्राने साप उतरवणं, यातलं काही घरात कोणी बोललं की बाबांचा आवाज चढायचा. याच असल्या गोष्टी सांगून सांगून आपल्याला पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, असं ते म्हणत. त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मला असल्या गोष्टी फार आवडायच्या, त्याला काय करणार?

काकू कोकणातल्या. काका वारल्यावर मुलाला घेऊन गिरगावातून वाशीला आलेल्या. देवाधर्माच्या, बोलायला चटपटीत आणि वाचनाचं भारी वेड. आमच्याकडे एक गृहस्थ सायकलला पिशव्या लावून लायब्ररीची पुस्तकं घेऊन यायचे. जाडजूड, अद्भुत कादंबऱ्या आधी काकूंकडे जात, मग माझ्याकडे. त्या पुस्तकांच्या निमित्तानेच मी तळमजल्यावर जाऊ लागले आणि मग जे व्हायचं ते झालं. काकू माझ्याशी छान बोलायच्या, चहा द्यायच्या. पण मी नेहमी बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर. इमारतीतल्या बाकीच्या बायका चपला काढल्या की थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरत, ओट्याला टेकून गप्पा मारत. मला कोणी अडवलं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं. मी काकूंचा देव्हारा पाहिला होता तो खुर्चीतून, मान जरा तिरकी करून.

काकूंच्या मुलाचं म्हणणं, दिवाळीच्या आत सांगून टाकू, कारण काकूंनी मुलींच्या पत्रिका मागवायला सुरुवात केली आहे. तू तुझ्या घरी सांग, मी माझ्या घरी सांगतो, एकाच दिवशी. हा बेत ठरला आणि बाबांच्या डोळ्यावर पट्टी आली. आता टाके निघेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. दुसऱ्या डोळ्यानेही बाबांना धड दिसत नव्हतं. मी ऑफिसातून रजा काढून त्यांच्याजवळ बसले.

त्यातून दिवस वर्षावासाचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत दिघ्याच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि वाचायचे बाबा. त्यांची एक शिस्त होती. एक परिच्छेद वाचायचा आणि थांबायचं. कोणाला शंका असेल तर त्याने विचारायची, मग ती म्हातारी असो की शाळेतलं पोर, आणि तिचं निरसन झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. त्या वर्षी त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी वाचत होतं आणि भराभर वाचतं असं कानावर आल्यामुळे बाबा अंथरुणात चुळबुळत होते. मी त्यांना रोजचा पेपर वाचून दाखवी. टेंडरच्या जाहिरातीसुद्धा सोडत नसे. तरी सकाळीच पेपर संपायचा.

एका दुपारी ते म्हणाले, तुझ्या उशाखाली जे आहे ते वाच. माझ्या उशाखाली होती काकूंकडून आलेली ताजी कादंबरी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. मी म्हटलं, ती नुसती गोष्टीची आहे. ते म्हणाले, मग वाच की, गोष्टीला काय विटाळ आहे?

आता ती गोष्ट कसली होती, ते सांगायला हवं. डोंगरावर एक राज्य, तिथे सूर्याचं मोठं देऊळ. खाली नदीकाठी दुसरी माणसं, कुठलाच देव न मानणारी. दोघांत पिढ्यांचं वैर. डोंगरावरच्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा आणि नदीवरच्या नावाड्याची मुलगी यांचं प्रेम जमतं. पुजाऱ्याच्या पदरी एक मांत्रिक असतो. त्याने देवळाच्या उंबरठ्यावर असा मंत्र घालून ठेवलेला असतो की परधर्माचं माणूस तो ओलांडील तर जागच्या जागी दगड होईल. शिवाय तो त्या मुलाला ससाणा करून टाकतो, आणि हा ससाणा रोज संध्याकाळी उडत उडत नदीपलीकडे तिच्या खांद्यावर जाऊन बसतो.

हे जसंच्या तसं वाचलं तर पहिल्याच प्रकरणात टाके सुटतील, अशी माझी खात्री होती. म्हणून मी वाचता वाचता गाळायला लागले. मंत्र आला की गाळला. मांत्रिकाचा केला दिवाण. प्रेम मात्र नीट, सावकाश, एक शब्द न सोडता वाचलं. त्यावर बाबा काय म्हणतात, ते मला ऐकायचं होतं.

पण बाबा ऐकायचे ते विहारातल्या शिस्तीने. परिच्छेद संपला की हात वर.

"पूर आलाय म्हनलीस ना? मंग ह्यो पोरगा नदीपलीकडं गेला कसा?"

मी म्हटलं, घोड्यावरून. पुरात घोडा? मग मी म्हटलं, होडीतून. तर म्हणाले, होड्या दिवाणाने कालच जाळल्या ना, तूच वाचलंस. ससाणा काढला की त्या कादंबरीत काही म्हणजे काही धड चालत नव्हतं. मी पोराला दोरावरून नेला, एकदा तर भोपळे बांधून पोहायला लावला. आई स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून ऐकायची. तिला कळलं होतं मी काय करतेय ते. लहानपणी तिने हडळीच्या आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकलेल्या, लग्नानंतर बाबांच्या घरात त्या बंद झाल्या, त्यामुळे इथे काहीतरी गाळलं जातंय याचा वास तिला आधी आला.

आणि मग काकू बाबांना बघायला आल्या. हातात मऊ भाताचा डबा. बाबा म्हणाले, बसा वहिनी, पोरगी गोष्ट वाचतीय, फार गमतीची हाय, त्यातला पोरगा लई पट्टीचा पोहणारा हाय. काकू बसल्या. मी वाचायला लागले, पण अडखळतच, कारण काकूंनी हे पुस्तक नुकतंच संपवलं होतं. त्यांनी दोन परिच्छेद कसेबसे सहन केले.

"अगं, ससाणा कुठे गेला?"

बाबांनी पट्टी बांधलेला चेहरा त्यांच्याकडे वळवला. कसला ससाणा, विचारलं. आणि काकूंनी सगळं सांगून टाकलं: मांत्रिक, ससाणा, मंतरलेला उंबरठा. मी बाबांच्या पट्टीकडे बघत बसले होते. त्यांना राग येतोय का, हे डोळा झाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायला किती अवघड असतं, ते मला तेव्हा समजलं.

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे पाखरू होऊन जात होता. तरीच." आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, जसं लिहिलंय तसं वाच, खोटं आहे ते मला कळतं, गोष्ट खोटीच असते. एवढं बोलून ते उशीला टेकले. मला हायसं वाटलं, आणि मी थोडी चिडलेही, की मग इतके दिवस मला भोपळे का बांधायला लावले?

त्यानंतर काकू रोज दुपारी यायला लागल्या. आधीच वाचलेली कादंबरी पुन्हा ऐकायला. खरं म्हणजे भांडायला. काकू डोंगरावरच्यांच्या बाजूने, बाबा नदीवरच्यांच्या. पुजारी तेवढा वाईट नाही, तो मांत्रिक त्याचे कान भरतो, असं काकूंचं म्हणणं. बाबा विचारत, मांत्रिकाला पगार कोण देतं? काकू म्हणत, तुमचे नदीवाले काय कमी आहेत, त्यांनीच आधी दगड मारले. बाबा म्हणत, वहिनी, आधीचं प्रकरण विसरलात, पाणी कोणी तोडलं? आवाज चढला की मी आणि आई एकदमच म्हणायचो, टाके, टाके. मग दोघंही चहा घेत.

मला मात्र धास्ती होती ती शेवटाची. मी तो आधीच वाचून ठेवला होता. शेवटी लढाईत मांत्रिक मरतो, पण मरताना उंबरठ्यावरचा मंत्र काढून घेत नाही. ससाण्याचा पुन्हा माणूस झालेला मुलगा देवळात जखमी पडलेला असतो. ती नावाड्याची मुलगी त्याला वाचवायला धावते, उंबरठा ओलांडते आणि दगड होते. मग तो मुलगा त्या दगडावर नवीन देऊळ बांधतो आणि दोन्ही राज्यांतले लोक तिची पूजा करू लागतात. संपलं. मी वाचताना आवाज साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण मला ते जमलं नाही. मला काय वाटत होतं ते स्पष्टच लिहिते. माझी भीतीच कोणीतरी छापून ठेवली आहे, असं वाटत होतं.

बाबांनी या वेळी हात वर केला नाही. ते थेट म्हणाले, "जित्या पोरीला दगड केलं, आन वर पूजा? ही कसली गोष्ट?"

काकूंनाही हा शेवट मुळीच आवडला नव्हता. पहिल्यांदा वाचला तेव्हा आपण पुस्तक भिरकावलं होतं, असं त्यांनी सांगितलं. लेखकाला मुलीला जिवंत ठेवायला काय धाड भरली होती? आणि मग सहज, चहाचा कप उचलता उचलता म्हणाल्या, "देवळात पाऊल टाकलं म्हणून कोणी दगड होतं का हो?"

"होतं वहिनी," बाबा म्हणाले. आवाज शांत होता, टाक्यांना जपून बोलत होते. "माझी थोरली बहीण. शेळीचं पिल्लू देवळाच्या पायरीवर चढलं, त्याला धरायला गेली. सात-आठ वर्साची आसंल. दिवसभर उन्हात उभी केली तिला. हलायचं न्हाई म्हनले. आमी लांबून बघत हुतो."

आत्याची ही गोष्ट मी तोवर कधीच ऐकली नव्हती. आईनेही ऐकली नसावी, कारण ती दारात येऊन उभी राहिली. काकूंनी कप खाली ठेवला. त्या उठल्या आणि येते म्हणून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, झालं, सगळं संपलं. तो जिन्यात भेटला तेव्हा त्यालाही काही माहीत नव्हतं. आई गप्प गप्प आहे, एवढंच म्हणाला.

टाके काढायला आम्ही मुंबईला गेलो. परत येताना बस खाडीपुलावर आली. बाबा काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते, भरतीचं पाणी बघत. ते पाणी त्यांना कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसत होतं. माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "टाके निघाले. आता सांग."

मी सांगितलं. म्हणजे तीन वाक्यं बोलले असेन, त्यात एक अर्धवट. ते रागावले नाहीत. म्हणाले, प्रेम वाचताना तेवढी सावकाश वाचायचीस, तेव्हाच समजलं. मुलगा चांगला आहे, येता-जाता पाहिलाय. मग बस पूल उतरली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या बाईच्या स्वयंपाकघरात तू कधी गेलीस का? मी नाही म्हटलं. त्यावर नुसतं हं केलं. मला त्या हं ची फार भीती वाटली.

त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे त्यानेही घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कादंबरी घेऊन खाली गेले, कारण पुस्तकवाले गृहस्थ काकूंकडूनच ती घेऊन जायचे. दार उघडंच होतं. काकू आत ओट्याशी होत्या. मी सवयीने खुर्चीकडे वळले.

"तिथे काय बसतेस?" आतून आवाज आला. "आत ये."

स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी रोजची छोटी रांगोळी काढली होती. मी तिथे थांबले. काकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, रात्रभर भांडण झालं असावं, लेकाशी किंवा स्वतःशी. त्या पुढे आल्या, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि म्हणाल्या, "ये गं. काही होत नाही."

मी रांगोळी चुकवून आत गेले. त्यांनी माझ्यापुढे विळी सरकवली आणि नारळाची वाटी हातात दिली. देव्हारा मी पहिल्यांदाच समोरून पाहिला. खुर्चीतून वाटायचा त्याहून बराच लहान होता.

वर आले तेव्हा बाबा दारातच, काळा चष्मा लावून उभे होते. हात मागे, चेहरा गंभीर.

"झालीस का दगड?"

"नाही," मी म्हटलं. "खोबरं खवायला बसवलं."

बाबा हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि आई आतून ओरडली की डोळ्याला हात लावू नका.