मुराळी आबा जागचे उठत नसत

आबा एकदा एस.टी.त बसले की मुक्काम येईपर्यंत जागचे उठत नसत. चहाला गाडी थांबली तरी नाही, टायर फुटून अर्धी गाडी खाली उतरली तरी नाही. कंडक्टर म्हणायचा, "बाबा, उतरा की, पाय मोकळे करा." आबा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की तो बिचारा पुढच्या सीटकडे सरकायचा. आबांच्या शेजारी खिडकीशी गावची कुणीतरी लेक बसलेली असायची, आणि तिला एकटी टाकून खाली उतरणं त्यांना जमणारं नव्हतं.

कारण आबा आमच्या गावचे मुराळी. सासरच्या लेकीला सणाला माहेरी आणायला जातो तो मुराळी. हल्ली हेही सांगावं लागतं, काय करणार! आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक घरी आली नाही तर त्या घरात सण झाला असं कुणी म्हणत नाही. लिंबाला झोके बांधायचे ते तिच्यासाठी. पण आखाजी येते ऐन वैशाखात, आणि तेव्हा चोपड्याकडच्या केळीला पाणी चुकून चालत नाही. बाप-भाऊ विहिरीवर अडकलेले. मग आबांना बोलावणं जायचं. त्यांची बायको लवकर गेलेली, पोटी मूलबाळ नाही, धाकट्या बहिणीकडे, आमच्या अक्काकडे राहायचे. चैत्र सरत आला की त्यांची पिशवी खुंटीवरून खाली यायची आणि गावातल्या आया निर्धास्त व्हायच्या.

त्यांची बसायची तऱ्हाही बघण्यासारखी. लेकीची ट्रंक स्वतःच्या पायांखाली, त्यामुळे गुडघे पार छातीशी. मांडीवर फराळाचा डबा. धोतर पोटऱ्यांना आवळून गुंडाळलेलं. मी म्हणायचे, "आबा, ट्रंक टपावर टाका ना, नीट बसा." तर म्हणायचे, "वर टाकी ते कोन देखी?" आणि लगेच त्यांचं ठरलेलं वाक्य, "मन्हाकडे पोर सोपेल शे, गोनी नही." माझ्याकडे पोर सोपवली आहे, गोणी नाही. हे ते इतक्या अभिमानानं म्हणायचे की पुढे बोलायची सोयच नसायची.

पाण्याचंही तसंच. फिरकीचा तांब्या बरोबर असायचा, पण तो माझ्यासाठी आणि माझ्या लेकीसाठी. स्वतः निघायच्या आदल्या संध्याकाळपासूनच घोट घोट कमी करायचे. पाणी प्यालं की उतरावं लागतं, सरळ हिशेब. आम्हां बायकांना ही युक्ती कुणी शिकवावी लागत नव्हती. स्टँडवरच्या त्या मोऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय सांगते ते कळेल. आम्ही लाजेपायी तहानेल्या बसायचो, आबा जबाबदारीपायी. दोघांच्याही जिभा टाळ्याला चिकटलेल्या आणि बाहेर खानदेशचं ऊन.

मला दिली कोल्हापूरला. माझ्यासारखी लांबची लेक गावात दुसरी नव्हती. एका वर्षी आबा मला न्यायला आले, दोन घास जेवले, भिंतीला टेकून झोपले आणि सकाळी मला घेऊन निघाले. कोल्हापूर ते जळगाव अख्खा दिवस आणि वर रात्र, तिथून चोपडा, तिथून गाव. घरी पोचल्यावर आबा ओट्यावर बसले ते बसलेच. डावी पोटरी टरटरून सुजलेली, हात लावला तर गरम. दुसरा पाय मात्र नेहमीसारखा काटकुळा. "शीर चढनी व्हई," अक्का म्हणाली, आणि तेलाची वाटी घेऊन चोळायला बसली. आमच्याकडे पाय दुखला की तेल, मुरगळला की तेल. तिला दुसरं काय ठाऊक असणार?

तिसऱ्या दिवशी माझ्या भावानं त्यांना जबरदस्तीनं जळगावला डॉक्टरांकडे नेलं. मी आणि अक्काही गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पाय बघितले, प्रवासाचं विचारलं आणि एकदम अक्काचा हात धरला. तिनं सवयीनं पुन्हा पोटरीवर हात ठेवला होता. "आजी, आता या पायाला हात लावायचा नाही. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्या उभ्या जातो." अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले ते घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

आबांना भरती केलं, इंजेक्शनं दिली, मग रक्त पातळ राहायच्या गोळ्या कित्येक महिने. डॉक्टरांनी त्यांना बजावलं, "पाय दुमडून इतका वेळ बसलात, पोटात पाणी नाही, म्हणून हे झालं. एकदा झालं की पुन्हा व्हायची भीती जास्त. वर्षभर लांबचा प्रवास बंद. पुढे जावंच लागलं तर आधी मला विचारायचं. गाडी थांबली की उतरून चालायचं. उतरता येत नसेल तर बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवायची. पाणी प्यायचं. आणि पाय सुजला तर चोळत बसायचं नाही, तडक इथं यायचं." आबा मान हलवत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अन् पोर?" मला असा संताप आला म्हणून सांगू!

पुढच्या आखाजीला आबा गेले नाहीत. दोन-तीन लेकी सासरीच राहिल्या, त्यात मीही. त्यांचं ते वर्ष फार वाईट गेलं असं भाऊ सांगत होता. झोक्यावर गाणी सुरू झाली की खाट उचलून मागच्या दारी न्यायचे. पाय संध्याकाळी अजून सुजायचा, जड व्हायचा. अक्का लांबून बघायची, तेलाची वाटी तिनं पुन्हा घरात दिसू दिली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हो म्हटलं आणि आबा मला न्यायला आले. यंदा मी ठरवूनच होते. ट्रंक टपावर टाकली. पहिलं मोठं स्टँड आलं तशी लेकीला कडेवर घेतलं आणि मी म्हणाले, "चला." आबा बसूनच. "तू जाय, मी सामान देखस." मी म्हटलं, "तुम्ही उतरत नाही तर मीही पाणी पिणार नाही, आणि ही पोरही पिणार नाही." तेव्हा उठले. मी पुढे, आबा मागे, अशा आम्ही गाडीभोवती चकरा मारल्या. लोक टकामका बघत होते. प्रत्येक स्टँडवर हेच. नगरला तर आबा चक्क हसले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तू माले आनी ऱ्हायनी का मी तुले?"

घरी पोचलो तर दोन्ही पोटऱ्या सारख्या. मी जिंकल्यासारखी मिरवले. निघताना त्यांच्याकडून वचन घेतलं, कुणालाही आणायला जा, पण उतरायचं. "उतरसू, माय, उतरसू," म्हणाले.

पुढच्या वर्षी मंदाची पहिली आखाजी होती. आमच्याच गल्लीतली पोर, सोलापूरला दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्या आखाजीला नवी नवरी अंगभर दागिने घालून येते. आबा तिला आणायला गेले. मी त्या वर्षी तापानं अंथरुणात होते, कोल्हापुरातून हलले नाही. पुढचं मला मंदानंच सांगितलं. "ताई, मी दोनदा म्हटलं, आबा, उतरा. तर म्हणाले, तू नवी शेस, अंगवर सोनं शे, तू उतरू नको. अन् मी उतरले नाही म्हणून तेही उतरले नाहीत." ट्रंक पुन्हा पायांखाली गेली होती. तांब्या तिच्या मांडीवर भरलेला तसाच होता.

जळगावच्या स्टँडवर आबांनी तिला हात देऊन उतरवलं. ट्रंक उतरवली. चोपड्याची गाडी लागलेलीच होती. गाडीकडे चालता चालता ते थांबले, छातीला हात लावला, दम लागल्यासारखे वाकले. "तू बस गाडीमा, मी उनूच," एवढं म्हणाले आणि खाली कोसळले. रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गावात त्या वर्षी झोके बांधून झाले होते, ते कुणी सोडले नाहीत, पण बसलंही कुणी नाही.

मी गेले तेव्हा अक्का माझा हात धरून एकच विचारत होती, "पाय मीच चोळेल व्हता ना वं, सुमन?" मी म्हटलं, "नाही अक्का, ते केव्हाच बरं झालं होतं." तिला पटलं की नाही, कुणास ठाऊक. मला मात्र राग आबांचा आला, अजूनही येतो. इतकं वचन दिलं होतंत ना मला? आणि राग त्या रीतीचा, जिच्यात नव्या पोरीनं पाणी पिऊ नये, खाली उतरू नये आणि तिच्यापायी म्हाताऱ्यानंही उतरू नये.

पुढच्या आखाजीला मंदाला आणायला कुणी नव्हतं. मी कोल्हापूरहून वाट वाकडी करून सोलापूरला गेले. तिच्या सासूनं विचारलं, "मुराळी कुठाय?" म्हटलं, "मीच." बाईमाणूस मुराळी! सासू बघतच राहिली, पण पाठवलं. वाटेत प्रत्येक स्टँडवर मी मंदाला हाताला धरून उतरवलं, तांब्यातलं पाणी पाजलं, गाडीभोवती फिरवलं.

जळगावला उतरलो. चोपड्याची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चढत होता. मंदा चालता चालता थांबली. "ताई, हे इथंच," म्हणाली. मी ट्रंक खाली ठेवली. दोघी तिथं उभ्या राहिलो. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, मग बेल मारली आणि गाडी गेली. आबा असते तर ओरडले असते. मी मंदाला म्हटलं, जाऊ दे, दुसरी येईल.