मुन्शीमामांचं ‘कबूल न्हाई’

मुन्शीमामा कुठल्याच प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणत नसत. ‘मामा, जेवण झालं का?’ असं विचारलं की म्हणायचे, ‘कोण म्हणतंय?’ मिशीला पिठलं लागलेलं, तोंडात पान, तरी जेवणाची कबुली नाही. मामी म्हणायच्या, ‘बोहल्यावर कुणी इचारलं असतं, तर तिथंबी न्हाईच म्हणले असते!’

मामा मूळचे बोरीचे. जिंतूरच्या कोर्टात एका वकिलाचे मुन्शी होते. वकीलसाहेब आत बोलत, मामा बाहेर लिंबाच्या पारावर पक्षकारांना काय बोलायचं ते शिकवत. खिशाला दोन पेनं. एक लिहायचं, दुसरं बंद पडलेलं. ‘ते कशाला?’ म्हटलं तर म्हणत, ‘एका पेनाच्या माणसाला शिपाईबी अरेतुरे करतो.’

आमची ओळख झाली ती विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या दिवसांत. वस्तीतले आम्ही पंधरावीस जण फाट्यावर रस्त्यात बसलो होतो. मागं कुठून तरी दगड आला, एस.टी.ची काच फुटली, आणि नावं लिहिली गेली बसलेल्यांची. त्यात मी आणि माझे वडील, आबा. खटला मामांच्या वकीलसाहेबांकडं आला. मी घरातला पहिला बी.ए. हे न विचारताही मी सगळ्यांना सांगत असे. पालमच्या शाळेत नेमणूक ठरत आली होती. शिक्षा लागली की ती गेली.

तरी मला कोर्टात ताठ मानेनं सांगायचं होतं, ‘होय, बसलो होतो!’ मामांनी माझं भाषण सगळं ऐकून घेतलं.

‘झालं? आता हे बघ, बीएसाहेब. रस्त्यावर बसला, हे खरं. काच फोडली, हे खोटं. पर कागदावर दोन्ही एकाच दमात लिहिलंय. तू व्हय म्हणलास की आख्खा कागद तुझा.’

‘मग खोटं बोलू?’

‘खोटं कोण बोल म्हणतंय? कबूल न्हाई म्हणजे, तुमी म्हणता ना, मग साबित करून दावा. एवढंच. कालेजात काय शिकवायलेत तुमाला, देव जाणे.’

मला ते पटलं. खरी अडचण आबांची होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला माणूस. खुर्चीवर कोणी दिसलं की हात आपोआप जुळत आणि तोंडातून ‘व्हय साहेब’ निघे. मामा पारावर न्यायाधीश होऊन बसले.

‘गुन्हा कबूल आहे का?’

‘व्हय साहेब.’

‘आबा, न्हाई म्हणायचं.’

‘व्हय साहेब, न्हाई म्हणतो.’

पार हसला. मामा हसले नाहीत. दुपारभर त्यांनी तालीम घेतली. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की हात जुळले की आबांच्या तोंडून ‘व्हय’ निघतंच. म्हणाले, ‘उद्या आत जाताना पटका काढून दोन्ही हातांत गच्च धरा. सोडायचा न्हाई.’

दुसऱ्या दिवशी दोषारोप वाचला गेला. माझं उत्तर झालं. मग आबांना विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आबांच्या हातांत पटक्याचा पिळा झाला होता. जुळायला निघालेले हात पटक्यावरच अडले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. दाराशी मामा छताकडं बघत उभे होते.

‘कबूल न्हाई, साहेब.’

खुर्चीवरच्या माणसाला माझ्या बापानं ‘न्हाई’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आल्यावर आबा पाराला टेकून बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले.

पुढं तारखांवर तारखा पडल्या. ड्रायव्हरनं साक्षीत सांगितलं, दगड मारणारा दिसला नाही, समोर बसलेले नुसते बसले होते. आम्ही सगळे निर्दोष सुटलो. मी मामांच्या पाया पडायला वाकलो, तर ते मागं सरकले.

‘मास्तर झालास न्हवं? मग आता हितं फिरकायचं न्हाई. पोरांच्या मास्तरानं कोर्टात दिसू नये.’

मी पालमला रुजू झालो. मामांनी सांगितलं म्हणून जिंतूरच्या कोर्टाकडं पुन्हा पाय वळवला नाही. नामांतर झालं तेव्हा मात्र राहवलं नाही. पेढे घेऊन एस.टी.नं गेलो. पारावर दुसराच मुन्शी बसला होता. म्हणाला, मामांना जाऊन दोन वर्षं झाली.

‘हितं फिरकायचं न्हाई’ हे त्यांचं एवढं एक मी ऐकायला नको होतं.