कल्याण बंदर, ओहोटीच्या वेळी

मला प्रश्न विचारायची भारी खोड. सासरी त्याला 'हिच्या चौकशा' म्हणत. अंबरनाथच्या क्वार्टर्समधल्या आमच्या महिला मंडळाने कल्याणचं जुनं बंदर पायी फिरून पाहायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाव माझंच होतं. दाखवायला कल्याणचेच एक निवृत्त मास्तर येणार होते.

आम्हाला भरतकाम शिकवणाऱ्या सिंधी भाभी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधून यायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बहनजी, उधर का पानी खारा है?"

खाडी आहे, म्हणजे खारंच, मी म्हटलं. मग त्याही निघाल्या. फाळणीनंतर त्या कराचीहून बोटीने आल्या, पण आई मागे राहिली, आणि त्यानंतर पाठवलेल्या एकाही पत्राला उत्तर नव्हतं. त्यांच्यात दर्याला अखो देतात. दूध-साखर घातलेले तांदूळ पाण्यात सोडायचे आणि मनातलं सांगायचं. कॅम्पातल्या विहिरीला सांगून काय उपयोग? समुद्राचं पाणी कराचीला पोचतं, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर छत्री टेकत पुढे, आम्ही दहा-बारा बायका मागे. जुन्या वखारी झाल्या, तटाचे अवशेष झाले, मग दुर्गाडी किल्ल्याचा पायथा. मराठ्यांच्या आरमाराची गलबतं इथेच बांधली, असं ते म्हणाले आणि मी सुरू झाले. लाकूड कुठलं? ओलं कापायचे की सुकवून? खिळे गंजायचे नाहीत का? मास्तर खूश. "अशी विद्यार्थिनी मला उभ्या नोकरीत मिळाली नाही," म्हणाले, आणि मी चांगली फुगले. भाभी पितळी डबा पदराखाली धरून मागून येत होत्या. दोनदा त्यांनी विचारलं, "अभी कितना दूर?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "बस, आलंच."

बंदरावर पोचलो तर पाणीच नव्हतं. लांबवर नुसता काळा चिखल, आणि त्यापलीकडे पाण्याची बारीक रेघ.

"अरेच्चा, ओहोटी लागली," मास्तर म्हणाले. "मघाशी आलो असतो तर पायरीला पाणी होतं."

मघाशी मी खिळ्यांची चौकशी करत होते. मला स्वतःचा इतका राग आला की रडू फुटायचं बाकी होतं. भाभींनी चपला काढल्या. "अहो, कमरेपर्यंत रुताल!" मास्तर ओरडले. भरतीपर्यंत थांबणंही शक्य नव्हतं. भाभींची मुलं दुपारी शाळेतून यायची आणि बराकीची किल्ली त्यांच्याच कनवटीला होती.

धक्क्यालगत चिखलात कलंडलेल्या होडीत एक म्हातारा खलाशी दोर वळत बसला होता. तो सगळं ऐकत असावा. "द्या माज्याकडं," तो म्हणाला. "पानी चढलं की सोडतो."

"नक्की सोडाल ना? विसरणार नाही?" अर्थात मीच.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. डबा दोन्ही हातांनी घेतला आणि भाभींना विचारलं, "काय सांगून सोडू, बाय?"

सकाळपासून शंभर प्रश्न विचारले होते मी, पण हा एक मला सुचला नव्हता. आईची खुशाली मागतील, असं मी धरून चालले होते.

भाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बोलना, अम्मा, लड़की पहुँच गई."