ओल्या दगडावरचं फूल

गुंजवणे गावाच्या वर जननीदेवीची राई आहे. त्या राईतून वेल्ह्याकडं उतरणारी वाट मोकळी राहिली ती चिमाजीमुळं. उगाच कुणी सरकारचे आभार मानू नयेत! दसरा झाला की हा घरटी एक माणूस बाहेर काढायचा. मजुरी नाही, भाकरीसुद्धा आपापली. कुणी कुरकुरलं तर बोलायचा नाही, नुसता दारात उभा राहायचा. मग काय बिशाद घरात बसायची! दगड रचायचे, चर खणायचे, पण राईतली डहाळीसुद्धा तोडायची नाही. झाड आडवं पडलं तर वाट वळवायची.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरायला कारण होतं. त्याची बायको धोंडाबाई बाळंतपणात अडली, तेव्हा ऐन आषाढ होता. तिला झोळीत घालून वेल्ह्याच्या दवाखान्याकडं काढलं. राईत आले, तर हिरड्याचं थोरलं झाड वाटेवर आडवं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला फुगलेला ओढा. झोळी पलीकडं जाईना. चिमाजीच्या कमरेला कोयता होता. पण राईतलं लाकूड देवीचं, कौल मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. रखमाजी गुरवानं तिथंच देवीच्या दगडावर दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर तोडा, डावं पडलं तर नाही. आता भर पावसात ओल्या दगडाचं फूल पडतंय कशाला! सगळे हात जोडून बघत राहिले. चिमाजीही बघत राहिला. दुपार कलली तेव्हा उजवं पडलं. तोवर झोळीतलं कण्हणं थांबलं होतं.

चिमाजी रडला नाही. दहाव्याला रडेल, असं लोक म्हणाले. दहावा झाला, वर्षश्राद्ध झालं. तो जेवायचा, नांगर धरायचा, विचारलं तर "बरं हाय" म्हणायचा. आत काही हलतच नव्हतं.

पुढं जर्मनच्या लढाईच्या दिवसांत लाकडी कोळशाला भाव आला आणि एक ठेकेदार वाडीवर आला. म्हणाला, राई द्या, देवळाला मंगळुरी कौलं घालून देतो. झालं, कौलांसाठी कौल लावायचा ठरला! चैत्राचं ऊन, दगड कोरडा ठणठणीत. रखमाजीनं हात काढला न काढला तोच उजवं फूल टपकन खाली. माणसं खुलली. रखमाजी म्हणाला, "चिमाजी, तुला तर बरंच वाटंल. ह्याच राईनं तुझं घर बुडवलं."

चिमाजी उठला. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"त्या दिशी पडल्यालं एक झाड तोडायचं न्हाई म्हून आमी समदी उभं ऱ्हायलो. माज्या कमरंला कोयता व्हता. आता कौलांपायी उभी राई तोडायची, तर मग माज्या धोंडीला तवा कशापायी मारली, त्येवढं सांगा."

रखमाजीनं खाली पडलेलं फूल उचललं, दगडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि फूल परत चिकटवलं.

"पडंल तवा बघू," तो म्हणाला.

ऊन चढेल तसा तो पाणी ओतत राहिला. ठेकेदार दिवेलागणीपर्यंत बसला आणि पाय आपटत निघून गेला. माणसं पांगली. चिमाजी मात्र त्या ओल्या दगडाकडं बघत तसाच उभा होता.

"रखमादादा," त्यानं विचारलं, "तवा दगूड पुसला असता तर?"