गळ्याची डावी बाजू

नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असली की बायकोला निदान रडायची सोय असते. शेजारणी धीर द्यायला येतात, माहेरचे भांडायला येतात. माझ्या वाट्याला आला तो न्हावी. मेंदी लावलेली दाढी, कानात अत्तराचा फाया, काखेत रेक्झिनची पिशवी, आणि दर सोमवारी सकाळी आमच्या दारात हजर. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. सोमवारी माझा उपवासही असतो, त्यामुळं पोटात आधीच आग पडलेली असायची.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आमच्या ह्यांचा उजवा हात नावालाच उरला आहे. गालावर ते डाव्या हातानं मशीन फिरवतात, पण गळ्याला मशीन सोसत नाही. लाल पुळ्या उठतात आणि मग आठवडाभर खाजवणं चालू. शिवाय रक्त पातळ ठेवायची गोळी आहे; एवढंसं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून गळा वस्तऱ्यानंच करायचा आणि तो भाईंनीच करायचा, असं ठरून गेलेलं. भाई म्हणजे हाच न्हावी. आमच्या भागात सगळे त्यांना भाईच म्हणतात. हे चिकलठाण्याला कारखान्यात लागले तेव्हापासून, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीपासून, हा गळा त्यांच्या हाताखाली आहे. "भाभी, आपसे पहले का रिश्ता है," असं भाई मला अधूनमधून ऐकवायचे आणि वर हसायचे.

सोमवार उजाडला की ह्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. धुतलेला बनियन हवा, खुर्ची गॅलरीत हवी, पाणी तापलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारणा. एरवी मी विचारलं की भाजी कोणती करू, तर उत्तर एकच, "कर काहीही." भाई आले की मात्र जीभ सैल. नळाला पाणी कधी येणार, कारखान्यात आता कोण उरलंय, दुकानात कोणाचं कोणाशी वाजलं, सगळा पंचनामा व्हायचा. झटक्यानं जड झालेले शब्दसुद्धा भाईंसमोर बरे निघायचे. मला हे दिसायचं आणि चहात साखर जास्त पडायची.

पण सगळ्यात जास्त मी जळायचे ते पुढच्या क्षणाला. भाई चामडी पट्ट्यावर वस्तरा परजायचे, फेस लावायचे, दोन बोटांनी ह्यांची हनुवटी वर करायचे आणि बोलणं बंद. हे डोळे मिटून, मान मागं टाकून, गळा उघडा टाकून बसायचे. चेहऱ्यावर एक समाधान. मी गोळी हातावर ठेवली तरी हे तिचा रंग बघून घेतात. आणि ह्या माणसापुढं नुसता गळा नाही, जीवच काढून ठेवलेला. एवढा भरवसा माझ्या वाट्याला कधी आला नाही, असं मला वाटायचं आणि फार वाईट वाटायचं.

शेवटी मी ठरवलं, हे काम आपण शिकायचं. भाईंना म्हटलं, तुम्ही कुठं परगावी गेलात तर ह्यांनी काय जंगल वाढवून बसायचं का? भाईंना नकार देता येईना. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा असा केला, जणू मी त्यांच्या गल्ल्यावर बसायला मागतेय.

शिकवणी फुग्यावर सुरू झाली. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं उतरवायचा. मी किती फुगे फोडले ते विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाढदिवस कुणाचा म्हणून विचारून गेल्या. हळूहळू हात बसला. वस्तरा कातडीवर जवळजवळ आडवा ठेवायचा, पाठ जराशी उचललेली. दाबायचं नाही, त्याच्या वजनानं त्याला जाऊ द्यायचं. डाव्या हातानं कातडी खाली ताणून धरायची, कारण सैल कातडीतच पातं रुततं. घाटीवरून, म्हणजे गळ्याच्या मधल्या उंचवट्यावरून, सरळ जायचं नाही. आवंढा गिळायला सांगायचं, नाहीतर कातडी बाजूला ओढून घ्यायची आणि तिथं केस काढायचे. जबड्याखालचे केस खाली जातात, म्हणून वरून खाली अर्ध्या गळ्यापर्यंत. गळपट्टीजवळचे वर चढतात, म्हणून तिथून वर अर्ध्यापर्यंत. हे सगळं भाईंनी मला ह्यांच्या उजव्या बाजूवर करून दाखवलं. डावी बाजू आली की ते खुर्चीला वळसा घालून असे उभे राहायचे की मला फक्त त्यांची पाठ दिसायची. मला वाटलं, गॅलरी अरुंद आहे.

मग एका गुरुवारी मी बाजारातून आणलेला वस्तरा स्वतः हातात घेतला. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवले, आणि चांगल्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मी म्हटलं, अहो, मी काय कसाई आहे का? उजवी बाजू सुरेख उतरली. डाव्या बाजूला मात्र वस्तरा अडखळायला लागला, ओढल्यासारखा व्हायला लागला, आणि जबड्याखाली एक रेघ उमटली. रक्त थांबेपर्यंत मी तुरटी धरून बसले होते आणि देवाचं नाव घेत होते. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूला पुळ्या.

सोमवारी भाईंनी ह्यांचा गळा उजेडाकडं वळवून पाहिला. चुकचुकले. "भाभी, गर्दन का काम हर किसीके हाथ को नै आता," म्हणाले. आवाजात काळजी होती, पण मिशीत हसू होतं. मी आणखी दोनतीनदा प्रयत्न केला आणि दरवेळी डावी बाजू बिघडली. दरवेळी भाई चुकचुकले आणि हे मुकाट बसले. मला तर भाईंच्या त्या अत्तराचाही राग यायला लागला. बाजारात तसा वास आला तरी मी रस्ता बदलायचे.

मग भाई नात्यातल्या लग्नासाठी कन्नडला गेले आणि त्यांचा एक सोमवार चुकला. ह्यांचा गळा चांगलाच वाढला. रविवारी सकाळी मी ओल्या टॉवेलनं तो पुसत होते, आणि डाव्या बाजूवर बोटं फिरली तशी थबकले. मी वर्षानुवर्षं घरी ब्लाऊज शिवलेत. मखमलीचं कापड आलं की कात्री लावायच्या आधी लव कुठल्या अंगाला बसते ते हातानं बघावं लागतं, नाहीतर एक बाही उजळ आणि एक काळपट दिसते. इथंही तसंच होतं. डाव्या बाजूचे केस खालीही जात नव्हते आणि वरही जात नव्हते. ते घाटीपासून कानाकडं आडवे झोपलेले होते. मी आपली तिथंही वरून खाली ओढत होते. आणि इतक्या वर्षांत भाईंच्या बोटांना हे कळलं नसेल, हे कोण मानेल?

मी पाणी तापवलं, फेस केला आणि डाव्या बाजूला वस्तरा घाटीकडून कानाकडं चालवला. नुसता सरकत गेला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, एक थेंब रक्त नाही. मी हात फिरवून पाहिला आणि मग माझा बांध फुटला. म्हटलं, बघितलंत तुमच्या भाईंचं? पाठ करून उभे राहायचे, मला दिसू नये म्हणून. मुद्दाम लपवलं माझ्यापासून.

"मला म्हाईत व्हतं," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भाई लपवत होते हे ह्यांना दिसत होतं. केस कसे आडवे आहेत हेही स्वतःच्या गळ्यावर ह्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी कापत होते, घाबरत होते, भाईंचे टोमणे खात होते, आणि हे गप्प होते.

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "तुला आलं असतं तर त्यानं यायचं कशाला?"

मी म्हटलं, मी आहे ना.

"तू तर आहेसच गं," ते म्हणाले, आणि गॅलरीतून खाली रस्त्याकडं बघायला लागले.

मी वस्तरा धुतला, पुसला, डब्यात ठेवला. फार लागलं होतं ते बोलणं. पण खोटंही नव्हतं. आजारपणात सुरुवातीला कारखान्यातले लोक घोळक्यानं यायचे, नारळपाणी घेऊन, जुन्या संपाच्या गोष्टी सांगत. मग एकेकटे यायला लागले, मग नुसते फोन, आणि आता फोनही नाहीत. ह्यांना हसवायला येणारा एकच माणूस उरला होता, आणि मी त्याचं येण्याचं कारणच काढून घ्यायला निघाले होते. हे समजलं म्हणून जळणं कमी झालं असं मात्र नाही. उलट वाढलं. माझ्या येण्याची वाट कुणी बघत नाही, कारण मी कुठं जातच नाही.

दुपारी मी भाईंना फोन केला. कन्नडहून ते सकाळीच परतले होते. म्हटलं, भाई, डावी बाजू मला काही जमत नाही, उद्या तुम्हीच या.

सोमवारी भाई आले. नेहमीसारखी पिशवी ठेवली, ह्यांची हनुवटी वर केली आणि डाव्या बाजूवर अंगठा फिरवला. अंगठा थांबला. पुन्हा एकदा फिरवला. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होते. भाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीत हसू नव्हतं.

"हौ भाभी," ते म्हणाले, "थोडा रह गया इधर."

तिथं एक केस राहिला नव्हता. भाईंनी पट्ट्यावर वस्तरा परजला आणि त्या साफ गळ्यावर सावकाश फेस लावला. ह्यांनी डोळे मिटले. मी पाणी त्यांच्याजवळ ठेवलं आणि, माझ्याच हातानं नीट केलेला गळा दुसऱ्याच्या हाताखाली बघत, जळत उभी राहिले.