सुतकात आलेली पोस्ट

ब्लॉग सुरू केला तेव्हा लिहायचं काय याची मला काळजी नव्हती, किती वेळा लिहायचं याची होती. पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात नऊ लेख टाकले, दुसऱ्या महिन्यात एक. ऑफिसातली मैत्रीण माझ्याआधीपासून ब्लॉग लिहायची. ती म्हणाली, "असं नाही चालत गं. आठवड्यातून दोनदा म्हणजे दोनदा. वाचणारे विसरतात ना!" वाचणारे होते सदतीस. त्यातले अर्धे माझेच नातेवाईक, मीच मागे लागून नाव नोंदवायला लावलेले. ते कसले विसरतायत मला! पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बुधवार आणि रविवार ठरवले, आणि मंगळवार उजाडला की मी विषय शोधत घरभर फिरायची. नवरा म्हणाला, "तुला कोण पगार देतंय का?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी मैत्रिणीनेच युक्ती शिकवली. सुट्टीत चार लेख लिहून ठेवायचे, तारीख-वेळ लावून द्यायची. ते आपोआप प्रसिद्ध होतात आणि नाव नोंदवलेल्यांना मेल जाते. झकास! बसले लिहायला. विषय घरातच होता, माझे सासरे. दहिसरच्या बाजारात मासे घ्यायला गेले की प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघणार, ठरलेल्या कोळणीशी तासभर भांडणार आणि घेणार तिच्याकडूनच. चारही लेख त्यांच्यावरच झाले. मी लिहीत असताना खुर्चीतून मालवणीत विचारायचे, "माझी बदनामी खयपर्यंत इली?" स्वारी खूश होती. पहिल्या लेखाला येत्या रविवारी सकाळी आठची वेळ लावली, बाकीच्यांना त्यापुढचे बुधवार-रविवार, आणि मी निर्धास्त झाले.

गुरुवारी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर ब्लॉग कुठला आणि काय कुठलं.

रविवारी सकाळी नणंदेचा मुलुंडहून फोन आला. आदल्या रात्रीच ती तिच्या घरी गेली होती. "वहिनी, लाज नाही वाटत? बाबांना जाऊन चार दिवस नाही झाले आणि तू त्यांची टिंगल करतेस? सुतकात?" मला आधी काही कळेचना. मग घड्याळाकडे नजर गेली. सव्वाआठ. वाट लागली! "अगं, तो आपोआप गेला," असं मी सांगायला लागले, पण ते मलाच इतकं खोटं वाटलं की वाक्य अर्धवटच सोडलं. तिने फोन ठेवला.

लेख काढून टाकायला मी मोबाइल घेतला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पंचावन्न वर्षांचा संसार त्यांचा, आणि मी त्यावर विनोद करून जगाला वाटला होता. नणंद काय, आज ना उद्या बोलेल. पण या दुखावल्या असतील तर मी त्यांच्यापुढे उभी कशी राहणार?

"काय लिवलंस? माका वाचून दाखय," त्या म्हणाल्या.

"आई, नको. चुकून गेलाय तो."

"वाच म्हटलंय ना."

वाचला. कोळणीशी तासभर भांडतात तिथपर्यंत आले. सासूबाई एकदम म्हणाल्या, "खोटा! तासभर खयचो? दोन तास. भात निवान जाय माझो." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता रडायला लागल्या. मी पण रडले. शेजारणीने आणून ठेवलेला डाळ-भात तसाच झाकलेला राहिला.

थोड्या वेळाने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "असे अजून किती आसत?"

"तीन. पण मी आत्ताच काढून टाकते, आई."

"काढू नको."

"मग वाचून दाखवू? तिन्ही?"

त्यांनी माझ्या हातातला मोबाइल उपडा करून चटईवर ठेवला.

"आता नको. बुधवारी एक वाच. एकदम वाचलंस तर संपान जातले."