खारीतलं चौथ्या माळ्यावरचं घर

माणगावहून सकाळची एसटी पकडली. आरोग्य केंद्रात तीस वर्षं परिचारिका होते, पण घर विकत घ्यायला कधी निघाले नव्हते. निवृत्तीचे सगळे पैसे आता एका सहीवर जाणार होते. मुलगी सायली मीरा रोडला भाड्याच्या खोलीत राहते, लॅबमध्ये काम करते. घर तिच्यासाठी.

काशीमिऱ्याला उतरले. सायली रिक्षा थांबवून उभी होती, सोबत एजंट फिलोमिनाबाई. भाईंदरजवळच्या उत्तन गावच्या, पन्नाशीच्या. बसल्या बसल्या त्यांनी मैद्याच्या तळलेल्या गोड गोळ्यांचा डबा उघडला. "फुगे हायेत. खा. घर बघायला रिकाम्या पोटी जायचं न्हाय."

भाईंदर पूर्वेला खारी हे जुनं गाव. दोन-चार कौलारू घरं अजून तग धरून आहेत. भोवती इमारती इतक्या दाटीनं उभ्या की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ऐकू येते.

इमारतीला लिफ्ट नव्हती. धापा टाकत चौथ्या माळ्यावर पोचलो. मालक कागद मांडून बसले होते. भिंतींना ताजा रंग होता. खिडकीतून मिठागरं दिसत होती, पलीकडे खाडी. सायली खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आई, माझा पलंग इथे." तिचा खुललेला चेहरा पाहून मला जास्तच भीती वाटली. आता नाही कसं म्हणणार?

"ताई, आज टोकनची आगाऊ रक्कम देऊन सही करा," मालक म्हणाले. "चारला दुसरी पार्टी येतेय."

मी पेन हातात घेतलं आणि पायाखालची लादी थरथरली. खिडकीची काच वाजली.

"डंपर गेला रस्त्यावरून," मालक हसले.

मी फिलोमिनाबाईंकडे पाहिलं. त्या लादीकडे बघत होत्या. "धा मिन्टं द्या," त्या उठल्या. "आमी खाली जाऊन येतो."

दुसऱ्या माळ्यावर एक बाई दारात मेथी निवडत होती. आम्हाला बघून हळूच म्हणाली, "चौथा माला देखने आये? ऊपर तो सब नया है. नीचे दुकान के अंदर देखा क्या?" आणि तिनं दार लावून घेतलं.

तळमजल्यावरचं दुकान बंद होतं. मागची जाळी फाटलेली. फिलोमिनाबाईंनी मोबाईलचा उजेड आत टाकला. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी टेकूच टेकू. खांबांचं सिमेंट गळून आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. एक टेकू मधेच वाकला होता. वरून कुणाच्या तरी मिक्सरची घरघर येत होती.

"ताई, मला ठाव न्हवतं," फिलोमिनाबाईंनी मोबाईल खाली केला. "मी वरचंच घर बघितलं. गेल्या वर्षी मीच एकांना हितं घर दिलंय. तिसऱ्या माळ्यावर. दोन ल्हान पोरी हायेत त्यांच्या."

त्या जिन्याकडे वळल्या. मीही निघाले. सायलीनं माझा दंड धरला. "आई, तू नको जाऊस परत वर."

"त्या एकट्या कशा सांगतील?" मी म्हटलं. प्रत्येक पायरीवर पाऊल हलकं टाकत होते, जणू माझ्याच वजनानं काही होईल.

तिसऱ्या माळ्यावर त्या पोरींच्या वडिलांनी दार उघडलं, रत्नागिरीकडचे गृहस्थ. फिलोमिनाबाईंनी अडखळत सगळं सांगितलं.

"आम्हाला माहितीये," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात महापालिकेची नोटीस आली, इमारत रिकामी करा म्हणून. पण जायचं कुठे, तेवढं सांगा."

आतून त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. आम्ही ते उभ्याउभ्या प्यायलो आणि उतरलो.

सही झाली नाही. रिक्षात फिलोमिनाबाईंचा फोन सारखा वाजत होता, मालकाचा. त्यांनी उचलला नाही. काशीमिऱ्याला मला एसटीत बसवताना एवढंच म्हणाल्या, "मी उद्या परत जाते त्यांच्याकडं. भाड्याचं तरी बघून देते."

माणगावला सगळे म्हणाले, वाचलात. मीही हो म्हटलं. पण सुटल्यासारखं वाटत नाही. मी तिथून निघून येऊ शकले, इतकाच माझ्यात आणि त्या घरातल्या माणसांत फरक. त्या रात्री पोचल्याचं कळवायला सायलीला फोन केला आणि न राहवून विचारलं, "तू राहतेस ती इमारत किती जुनी आहे गं?"

"आई," ती म्हणाली, "आत्ता नको ना. मला झोप लागायला हवी."